खडकावर देऊळ नाही

बाबा, तुम्ही गेलात त्याला सतरा वर्षं झाली, तरी तुम्हाला उलट उत्तर द्यायची माझी हौस काही फिटलेली नाही. आज देणार आहे. मधे बोलू नका.

इथे अमेरिकेत, बेलव्ह्यूला येऊन मला तीन वर्षं झाली. नवरा सॉफ्टवेअरमध्ये, मी त्याच्या व्हिसावर डिपेंडंट. म्हणजे या देशात मला नोकरी करायची परवानगी नाही. चित्र काढायला मात्र कुणाचीच लागत नाही, हे लक्षात आल्यावर मी सरळ कम्युनिटी कॉलेजात ऑइल पेंटिंगच्या क्लासला नाव घातलं. लेक शाळेत गेली की मंगळवारी आणि गुरुवारी बस पकडून जाते. शिकवणाऱ्या बाई पासष्टीच्या, त्यांची आजी स्कॉटलंडची. त्यांनी एकदा तिकडच्या उत्तर किनाऱ्याचा फोटो आणला. काळेकभिन्न कडे, खाली खवळलेला फेस, वर आत्ता कोसळेल असं आभाळ. म्हणाल्या, कॉपी करू नका, बघून काय वाटतं ते काढा. आता काय वाटतं हे ब्रश हातात असताना मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. तुम्ही तर नाहीच नाही.

तर मी काय केलं सांगू? पट्टी घेतली आणि कॅनव्हासच्या चारी बाजूंनी अर्धा इंच समास आखला! इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या पेपरला तुम्ही आखायला लावायचात तसा, अगदी पेन्सिलीला टोक काढून. बाई येऊन बघत राहिल्या. "हे कशासाठी?" "मार्जिन," मी म्हटलं. "पण कुणासाठी?" परीक्षकांसाठी, असं काय सांगणार कपाळ! पस्तिशीची बाई मी, अमेरिकेत उभी, आणि अजून कुणीतरी लाल पेन घेऊन येणार म्हणून जागा सोडत होते. इतका संताप आला ना, की ब्रश ठेवला आणि रंग थापायची नाइफ उचलली. काळा, गडद हिरवा, मातकट करडा, ट्यूबमधून पिळला तसाच थापत सुटले. समासावरून, कडेवरून, कॅनव्हासच्या बाजूच्या पट्टीपर्यंत समुद्र गेला. घरी आले तेव्हा कोपरापर्यंत हात बरबटलेले होते. लेक चित्राकडे बघून म्हणाली, "आई, इट लुक्स अँग्री." म्हटलं, आहेच.

राग कुठला ते तुम्हाला आठवणार नाही, मला आठवतो. मी नववीत आहे. तुम्ही शाळेत ड्रॉइंगचे सर, त्यामुळे वर्गात तुम्हाला सर म्हणायचं आणि घरी बाबा, चुकलं की दोन्हीकडे बोलणी. सहलीत मी खवळलेला समुद्र बघून आलेय आणि सरावाच्या कागदावर पोस्टर कलरने तो तसाच काढलाय, काळा. तुम्ही बाकाशी थांबता. "समुद्र असा असतो? परीक्षक असला चिखल बघत बसत नाही." कागद उचलता, व्हरांड्यात जाता आणि नळाखाली धरता. चाळीस पोरं माना वाकड्या करून बघतायत. माझा समुद्र मोरीतून गटारात जातोय. ओला कागद माझ्या हातात देऊन तुम्ही म्हणता, "आता निळा काढ. दोन माड, एक होडी." काढला. परीक्षेतही तोच काढला, ए ग्रेड मिळाली. तुम्ही स्टाफरूममध्ये पेढे वाटलेत, घरी आणलेत, आणि मी एकही खाल्ला नाही हे तुमच्या लक्षातसुद्धा आलं नाही. मला तुमचा राग आला होता, बाबा. अजूनही येतो.

आता पुढचं ऐका. इथल्या मंडळाचा गणपती एका शाळेच्या कॅफेटेरियात असतो, आणि यंदा त्यात चित्रांचं प्रदर्शन ठेवायचं ठरलं. समितीच्या काकू चित्र बघायला घरी आल्या. बराच वेळ बघितलं. "छान आहे गं. पण यात आपलं काय आहे?" मी म्हटलं, काढलंय मी, एवढंच आपलं. त्या हसल्या, माझ्या दंडावर थोपटलं आणि म्हणाल्या, "असं कर, त्या वरच्या खडकावर एक छोटं देऊळ काढ. भगवा झेंडा. की झालं कोकण! खाली लिहू, 'कोकण किनारा'. कोण विचारतंय?" नाहीतर समिती घेणार नाही, हेही गोडच आवाजात सांगून गेल्या. नवरा म्हणाला, "यार, दोन मिनिटांचं काम आहे. टाक ना एक देऊळ."

आणि मी टाकणार होते. लपवत नाही. दुसऱ्या दिवशी किचन टेबलावर पेपर पसरला, भगवा कालवला, बारीक ब्रश घेतला. खडकावर जागाही हेरली. ब्रश कॅनव्हासपासून बोटभर लांब होता तेव्हा मला त्या नळाचा आवाज आठवला. या वेळी नळ माझ्याच हातात होता, बाबा. तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली आणि तुमचं काम मी स्वतः करायला बसले होते, तेही बिनबोभाट. भगवा पुसून टाकला आणि काकूंना फोन लावला. "काकू, देऊळ होणार नाही. लावायचं तर आहे तसं लावा, नाहीतर राहू दे."

"अगं बाई, रागावलीस की काय!"

"नाही हो," म्हटलं, आणि मग म्हटलं, "हो, रागावलेच आहे."

मग त्या म्हणाल्या, "बरं बाई. चहाच्या टेबलामागे भिंत रिकामी आहे. तिथे लाव, पण नाव तूच लिही."

आज लावलं. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'स्कॉटलंडचा किनारा', आणि त्याखाली माझं नाव, सासरचं नाही, माहेरचं. एक काका चहाचा कप घेऊन आले. "हरिहरेश्वर ना हे?" "नाही, स्कॉटलंड." "अरे वा, कधी गेला होतात?" "गेले नाही." ते कप घेऊन बिस्किटांकडे वळले. मला अजिबात लाज वाटली नाही. हे तुम्हाला सांगायचं होतं: मी न बघितलेला समुद्र काढला, काळा काढला, आणि तो आता कुणीही धुवू शकत नाही, कारण तेलरंग पाण्याने जात नाहीत.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, तेव्हा एक गोष्ट लिहायला हरकत नाही. डावीकडचा कडा चुकलाय. पाण्यात बसत नाही, तरंगल्यासारखा दिसतो. मला रंगवतानाच कळलं होतं. बाई ब्यूटिफुल म्हणून पुढे गेल्या. आज दोनशे माणसं चहा पिऊन गेली, एकालाही दिसलं नाही. तुम्हाला दारातून दिसलं असतं, आणि तिथूनच तुम्ही ओरडला असतात. चित्र आहे तसंच राहील. पण दिवसभर मी त्या टेबलापाशी उभी होते ना, बाबा, ती दाराकडे बघत.