तबकडीचा ट्रे आणि वन्संचे नाक

मी, खाली सही करणारी, घड्याळे दुरुस्त करणाऱ्याची विधवा, पूर्ण शुद्धीत आणि आपल्या मनाने हे लिहीत आहे. आधीचे मृत्युपत्र नाही, तेव्हा रद्द करण्यासारखे काही नाही.

१. राहते घर मुलीला. विकले तरी माझी हरकत नाही.

२. यांचे चिमटे आणि पेचकस समोरच्या चष्मेवाल्याला. भिंग त्याने 'दोन दिवसांसाठी' नेले होते, ते अजून त्याच्याकडेच आहे. तेही आता त्याचेच समजावे.

३. मांजर तबकडी. तोंड गोल म्हणून यांनी हे नाव ठेवले. तिचा वाळूचा ट्रे हे रोज दुकान उघडण्याआधी साफ करत, आणि मी हसायचे. हे गेल्यावर ते काम माझ्याकडे आले. भेटायला माणसे आलेली असताना थोरल्या नणंदबाई म्हणाल्या, "वहिनी, घरात वास येतोय गं. खिडक्या उघड."

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. मी म्हणाले, "दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायची सवयच आहे वन्सं तुम्हाला."

त्या उठून गेल्या, त्या परत आल्या नाहीत.

मग मी इरेला पेटून ट्रे फिनेलने धुऊ लागले. तबकडीने ट्रे सोडला आणि यांच्या खुर्चीवर घाण करू लागली. मी तिला गॅलरीत कोंडले. जनावरांचे डॉक्टर आले ते दारातच खोकले. म्हणाले, "मावशी, मांजराला फिनेल सहन होत नाही. तुम्हाला तरी कसं होतं?"

मला कसलाच वास येत नव्हता. फिनेलचा नाही, खुर्चीचाही नाही. केव्हापासून, ते ठाऊक नाही. वन्सं खरे बोलल्या होत्या. बाकीचे नाकाला रुमाल लावून गप्प बसले असतील. वन्संना बोलवायला मला तोंड नाही.

४. खुर्ची कोणाला देऊ नये. किती धुतली तरी ती स्वच्छ झाली की नाही, मला कळत नाही.

५. तबकडी वन्संना. ट्रेतले खडे सकाळ-संध्याकाळ उचलावेत. ट्रे गरम पाण्याने, बिनवासाच्या साबणाने धुऊन उन्हात वाळवावा. वाळू चार बोटे भरावी.

६. मी गेल्यावर लगेच कोणाला आत घेऊ नये. आधी वन्संना बोलवावे. त्यांनी एकटीने आत येऊन श्वास घ्यावा. वास असेल तर ट्रे साफ करावा, खिडक्या उघडाव्यात. त्या हो म्हणतील तेव्हाच माणसांना दार उघडावे.

सही: घड्याळवाल्याची बायको
साक्षीदार: १. जनावरांचे डॉक्टर २. खालच्या मजल्यावरची नर्स
ठिकाण: राहते घर, सगळ्या खिडक्या उघड्या
दिनांक: सहीशेजारी घातला आहे