दोघांची तपासणी

लोणावळा, १२ जून २०२५

चि. सौ. सारिका हीस,
सविताताईचे अ. उ. आ.

फोनच केला असता, पण तू स्पीकर लावतेस आणि गोरख जवळच असतो. पत्र त्याच्या हाती पडलं तरी तो वाचणार नाही. हे वाक्य लिहून मी पेन खाली ठेवलं होतं. माझ्या भावाला जे जमत नाही, त्याचाच आडोसा करून मी त्याच्यापासून लपवते आहे. तरी लिहिते.

तुमच्या इंदूची तपासणी पुण्याच्या हॉस्पिटलात ३ जुलैला ठरली. डिस्लेक्सिया आहे असा कागद मिळाला, तर दहावीला तिला जास्त वेळ मिळेल, लेखनिक मिळेल. शाळेला कागद जुलैअखेर हवा. पोरगी हुशार आहे, नुसती अक्षरं तिच्यापुढे जुळून उभी राहत नाहीत, हे एकदा कुणीतरी शिक्का मारून सांगायला हवं.

आता तुझ्या नवऱ्याचं. गेल्या महिन्यात तो जन्मात पहिल्यांदा मला म्हणाला, ताई, माझं बी बघ की. त्रेचाळिसाव्या वर्षी! मी बघितलं. हॉस्पिटलात म्हणाले, आम्ही शाळेतली मुलंच तपासतो. कोथरूडच्या एक बाई म्हणाल्या, मोठ्यांसाठी मराठीतली चाचणीच माझ्याकडे नाही. त्यांनी मुंबईचा एक नंबर दिला, तो कुणी उचलत नाही. त्याच्यासाठी कुठंच काही नाही, सारिका.

पण हे सांगितलं तर तो इंदूलाही पाठवायचा नाही. बाप ठोंब्या म्हणून पोरीलाही ठोंबी ठरवता का, असं त्याने मागे मला सुनावलंच होतं. म्हणून मी सांगितलंय की दोघांची तारीख एकच आहे. तिथे गेल्यावर काहीतरी सुचेल. चुकलं का माझं? कळव.

लोणच्याची बरणी रिकामी झाली आहे. न्यायला ये, म्हणजे भरून परत आणशील! माया असू दे.

तुझी,
सविताताई

बेडसे, १९ जून

ती. ताईंना,
सारिकाचा शि. सा. न.

पत्र पोचलं. तांदळाच्या डब्यात ठेवलंय.

ताई, मला धाकधूक होते. हे नवा शर्ट घेऊन आलेत. मी चेष्टा केली की तपासणीला चाललाय का नवरी बघायला, तर लाजले. कुसगावच्या ज्या बंगल्यावर कामाला आहेत, तिथं सगळ्यांना सांगून झालंय. तिथला नवा मॅनेजर, पाहुणे कधी आले, कधी गेले, ते वहीत लिहायला लावतो. हे सगळं डोक्यात साठवून घरी आणतात, गाडीचा रंग, पोचा कुठं आलाय, संगं कुत्रं होतं का, आणि मी वही भरते. मॅनेजरला संशय आलाय. यांचं म्हणणं, कागद आला की त्याच्यापुढं ठेवतो, मी आळशी न्हाई, माझं असंच हाय.

परवा इंदूला म्हणाले, आता आपन दोघं एका वर्गात, पुढच्या बाकावर तू बस. ती इतकी हसली. शाळेत वाचायला उभं केलं की तिच्या पोटात दुखतं. बाप संगं आहे म्हणून तयार झालीय, नाहीतर तीही नकोच म्हणत होती.

यांना सांगून टाकू का? माझी जीभ रेटत नाही. चुकलं का ते तुम्ही मला विचारता, आणि मी तुमच्याकडं बघून बसलेय. तुम्ही शिकलेल्या, तुम्हीच ठरवा.

आमच्यावर जीव आहे तसा राहू द्या.

तुमची,
सारिका

लोणावळा, ४ जुलै

चि. सौ. सारिका हीस,
अ. उ. आ.

गोरखने घरी काही सांगितलं नसेल, म्हणून मी लिहिते.

इंदूला आत नेलं. गोरखला चहाला बाहेर नेऊन सांगायचं, असं मी ठरवलं होतं. शब्द जुळवत होते, तेवढ्यात तो उठून खिडकीवर गेला आणि म्हणाला, माझं बी नाव असंल, बघा. तिथल्या मुलीने विचारलं, काय होतंय? तो मोठ्याने म्हणाला, मला वाचता येत न्हाई. बाकांवर तीसेक माणसं होती. जे त्याने तुला लग्नानंतर तीन वर्षांनी सांगितलं, ते माझ्या भरवशावर त्याने सगळ्यांदेखत सांगितलं. तिने यादी पाहिली आणि म्हणाली, मोठ्यांचं इथे नसतं काका.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग आत जाऊन अर्ध्या तपासणीतून इंदूला घेऊन आला. एसटीत माझ्याजवळ न बसता मागच्या बाकावर जाऊन बसला. कामशेतला उतरताना माझी पिशवी मात्र वरून काढून माझ्या मांडीवर ठेवली.

इंदूला त्यांनी १४ तारीख दिली आहे. त्यानंतर जुलैत जागा नाही. तूच त्याला समजाव, माझं तो ऐकणार नाही.

इंदूसाठी खोटं बोलले, असं रोजनिशीत लिहिलं आणि खोडलं. त्याला नाही म्हणायचं धैर्य नव्हतं, हे जास्त खरं. लहानपणी त्याच्या वह्या मीच भरायचे. गुरुजींना काही कळलं नाही, ते माझ्यामुळे. अर्थात कळून तरी तेव्हा मावळात त्याला कुणाकडे नेणार होते? हेही मी स्वतःला सोडवायलाच लिहिते आहे की काय, कळत नाही.

राग धर, पण तुटू नकोस.

सविताताई

कामशेत, १५ जुलै

ती. ताईस,
गोरखचा नमस्कार.

हे अक्षर याह्याचं. त्याचं हितं टायरचं दुकान हाय. मी सांगतो तसं तो लिवतो. सुधारू नको म्हणालो.

तुजी दोन्ही पत्रं तांदळात गावली. तुजं अक्षर मला बघितल्याबरोबर कळतं, वाचता न्हाई आलं तरी. सारिकानं गाळून वाचली असती, म्हणून इंदूला दिली. दोन संध्याकाळी लागल्या. एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचत हुती. मी लय येळा म्हणालो, ऱ्हाऊ दे.

तुज्यावर रागावलोतो, ते चार दिस. मॅनेजरनं काढलं तर दुसरं काम बघू. इंदूला न्यायचंच, असं मी ठरवलंतं. पण तू लिवलंय ना, माज्यासाठी कुटंच काय न्हाई, तितं ती थांबली. म्हणाली, पप्पा, म्हंजी शाळा सुटली की मला बी न्हाई. मग तो कागद कशाला, सगळ्यांनी बघायला? मी समजावलं, वरडलो, सारिका रडली. पोरगी जागची हलली न्हाई. तुज्याकडं उत्तर असंल तर तिला सांग.

काल १४ तारीख. मी एकटाच जाऊन बाकावर बसलो. का गेलो ते इचारू नको. तिचं नाव तीनदा पुकारलं. मग दुसऱ्या पोराचं पुकारलं.

शेवटी लोभ असावा असं लिवायचं असतं, याह्या म्हणतो. लिव म्हणालो.

गोरख