कुंपणावरची कळलावी

आवडी, १८ नोव्हेंबर

शेजारच्या सेल्वीअक्कांच्या कुंपणावरची कळलावीची वेल आज दुपारी मीच मुळासकट उपटून फेकली. अक्का झोपल्या होत्या. आई सांगायची, अडलेल्या बाईच्या तळपायांना तिचा कंद उगाळून लावला की कळा सुरू होतात. आमच्या लेकीला, नेहाला, आत्ता कुठे सातवा महिना लागलाय. घाबरले, दुसरं काय? पण आधी विचारायला काय झालं होतं मला? नखांतली माती अजून निघत नाही.

संध्याकाळी अक्का धावत आल्या. मुरुगनला वाहायला राखलेल्या फुलांबद्दल एक शब्द नाही. "अगं, कुणाच्या तरी गाईनं वेल उपटून खाल्ली! कंद विषारी असतो, मरेल ती."

मी हात पदराखाली घेतले.

अक्का अंधार पडेपर्यंत, दुखऱ्या गुडघ्यांनी, ती नसलेली गाय शोधत फिरल्या.