दुसऱ्या माणसाची मंजुरी

४ ऑगस्ट, सोमवार
आजपासून अभ्यास. संध्याकाळच्या क्लासची फी भरून आलो, त्यामुळे आता माघार नाही. विषय दोन. एक, वित्तीय पत्रकांचं विश्लेषण, म्हणजे ताळेबंद बघून कंपनीची तब्येत ओळखायची. दुसरा, अकाउंटिंग इन्फर्मेशन सिस्टिम. हिशेब कोण लिहितो, कोण तपासतो, कोण मंजूर करतो, याची यंत्रणा बसवायची. नळांच्या गोदामात आवक-जावक लिहून केस पांढरे झाले. मार्चपर्यंत अकाउंट्समध्ये खुर्ची, तीही काचेच्या केबिनमधली.

लेकीला फोन केला. ती दूर, मोठ्या ऑडिट फर्ममध्ये. छान बाबा, मीटिंगमध्ये आहे, म्हणाली. खूप आनंद झाला असणार, घाईत दाखवता आला नाही इतकंच.

उद्यापासून पहाटे पाचला उठणे.

५ ऑगस्ट
सव्वाआठला उठलो. पहिला दिवस धरायचा नसतो.

८ ऑगस्ट, शुक्रवार
करंट रेशो शिकलो. हातात असलेलं भागिले लवकरच द्यायचं असलेलं. दोन आला म्हणजे तब्येत ठणठणीत. घरी येऊन स्वतःचा काढला, अकरा आला! ही गेल्यापासून घरात येणंजाणं नाही, देणी होणार कुठून. मुद्दाम क्लासला फोन करून मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, इतका जास्त असणंही बरं नव्हे, सगळं नुसतं पडून आहे असा त्याचा अर्थ होतो. वयाने लेकीएवढ्या आहेत. अनुभव कमी पडतो.

१९ ऑगस्ट
प्रोजेक्ट मिळालं. कुठल्यातरी चालत्या संस्थेची यंत्रणा बसवायची. माझ्या शेजारच्या बाकावरच्या बेकरीवाल्याने आपली बेकरी घेतली. मी साहेबांना गोदाम मागितलं. ते म्हणाले, तुम्ही चावी सांभाळा, तेवढं पुरे. मत्सर, दुसरं काय. मी माझं घर घेतलं.

२२ ऑगस्ट, शुक्रवार
मॅडमनी माझा फ्लोचार्ट फळ्याला चिकटवला. आधी वाटलं कौतुकाने. नियम असा, की जो खरेदी करतो त्यानेच बिल मंजूर करायचं नाही. एकाच्या कामावर दुसऱ्याची नजर हवी. माझ्या तक्त्यात चौकोन सात, माणूस एक. आणणारा मी, शिजवणारा मी, वाढणारा मी, जेवणारा मी आणि जेवणाला नावं ठेवणारा पण मीच. वर्ग खो खो हसला, बेकरीवाला सगळ्यात जास्त. दुसरा माणूस आणा, नाहीतर नापास, मॅडम म्हणाल्या.

माणूस काय बाजारात मिळतो?

२३ ऑगस्ट, शनिवार
सुचलं! लेक. दर शनिवारी घरखर्चाचा तक्ता मी तिला मेल करायचा, तिने तपासून मंजुरी द्यायची. फोन केला. ती म्हणाली, बाबा, मला वेळ कुठे असतो, बरं पाठवा, बघते. ‘बघते’ म्हणाली. म्हणजे नेमणूक झाली.

३० ऑगस्ट
पहिला तक्ता पाठवला. मिनिटभरात उत्तर: ‘पाहिलं. ओके.’ काय हा झपाटा! माझ्यावर गेली आहे. आता दर शनिवारी बोलणं होणार. एरवी तिचा फोन महिना-महिना नसतो. तिची तक्रार नाही, मीही कामात असतोच.

१३ सप्टेंबर
तिसरा ओके. तक्त्यात शेऱ्याचा रकाना वाढवला. टोमॅटो महागले. गुडघा आता बरा आहे. तुझ्या खोलीतला पंखा दुरुस्त केला, आता आवाज करत नाही. शेवटी लिहिलं, पुढच्या शनिवारी सुट्टी काढून येतेस का? उत्तर: ‘पाहिलं. ओके.’

येतेय! तिच्या गादीला ऊन दाखवलं, चादर बदलली. अभ्यास राहिला, पण घर आधी.

२० सप्टेंबर
आली नाही. भाजी दोघांची केली होती, ती उद्याला पुरेल. अचानक काम निघालं असेल.

२६ सप्टेंबर, शुक्रवार
आजचा धडा फार आवडला. यंत्रणा खरंच चालते की नाही हे कळायला तक्त्यात मुद्दाम एक चूक घालायची. तपासणाऱ्याने ती पकडली पाहिजे. बेकरीवाल्याची चूक त्याच्या भावाने ताबडतोब पकडली, वर चार शिव्याही घातल्या. माझ्या घरी तर प्रत्यक्ष ऑडिटर आहे.

२७ सप्टेंबर
अंडी, चारशे डझन. ‘पाहिलं. ओके.’

त्याचं असं आहे, मोठ्या फर्ममधली माणसं किरकोळ बाबींत लक्ष घालत नाहीत. पुस्तकातही तसं दिलंय. चूक मोठी हवी.

४ ऑक्टोबर
लिहिलं: हॉस्पिटल, तीन दिवस, स्वतः. पाठवताना वाटलं, पोरगी घाबरायची उगीच. फोन आला की लगेच सांगायचं, अगं चाचणी होती. वाक्य तयार ठेवलं.

‘पाहिलं. ओके.’

५ ऑक्टोबर, रविवार
फोन दिवसभर जवळ ठेवला. अंघोळीलाही नेला. एकदा वाजला, बेकरीवाला होता. प्रोजेक्ट कसं चाललंय म्हणून. उत्तम, म्हटलं.

फार वाईट वाटलं आज. इथे लिहायला हरकत नाही, वाचणार कोण आहे.

१० ऑक्टोबर, शुक्रवार
सादरीकरण. मी मंजुऱ्या दाखवल्या, एकही शनिवार चुकलेला नाही. मॅडमनी मेलच्या वेळा दोनदा पाहिल्या. मग खुर्ची माझ्याजवळ ओढून हळू आवाजात म्हणाल्या, “काका, हे उत्तर तुमची मुलगी लिहीत नाही. तिने सेटिंग लावून ठेवलंय. तुमचा मेल पोचला की आपोआप जातं.”

या खेपेला वर्ग हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. मी म्हटलं, हुशार आहे हो ती, वेळ कसा वाचवायचा तिला कळतं.

नापास. दुसरा माणूस मिळाला तर पुन्हा सादर करता येईल. बाहेर बेकरीवाला थांबला होता. म्हणाला, तक्ता मला पाठवत जा, नाहीतर शनिवारी बेकरीतच या, चहा घेता घेता बघू. मी स्पष्ट सांगितलं, घरचे हिशेब मी बाहेरच्यांना दाखवत नाही.

११ ऑक्टोबर, शनिवार
तक्ता पाठवला. हॉस्पिटलची नोंद रीतसर उलट नोंद करून रद्द केली. शेऱ्यात लिहिलं, मी ठीक आहे, काळजी करू नकोस.

‘पाहिलं. ओके.’ आलं. मग जेवायला बसलो.