शिवून टाकलेलं पान

कुंभारी, सोलापूर

प्रिय साक्षी,

फोन तू उचलत नाहीस. सतीशभाऊजी तुला न्यायला वळसंगला येतात, तुझ्या माहेरच्या ओट्यावर बसून चहा पितात आणि तू आतल्या खोलीतून बाहेर आली नाहीस एवढंच सांगत परत येतात. म्हणून शेवटी कागद घेतला. तुझी मोठी जाऊ आहे, तेव्हा थोडं रागवायचा हक्क मला आहे, पण आज तो वापरत नाही. मितू बरी आहे, जेवते, झोपते, चार वर्षांच्या मानाने चुरूचुरू बोलते. फक्त ती तुला मागत नाही. तिचा सिद्धांतदादा गेला आणि पाठोपाठ तू माहेरी गेलीस, तेव्हा ती रोज दारात उभी राहून रडायची. ते रडणं परवडलं असतं, असं आता वाटतं.

तुझी शाळा मी चालू ठेवली आहे. हस खुशाल. दहावीला दोनदा बसलेली बाई मास्तरीण झाली म्हणून घरात सगळेच हसले. पण काय करणार? अंगणवाडीत नेऊन बसवलं तर मितू रडायची नाही, नुसती शेजारची जागा हाताने झाकून बसायची, दुसऱ्या कुणाला बसू द्यायची नाही. ताई बिचाऱ्या म्हणाल्या, थोडे दिवस घरीच राहू दे. मग मी पुढच्या खोलीत तुझी सतरंजी टाकली आणि तुझी पुस्तकं काढली. आठवतं का, तू डी.एड. होऊन नोकरीची वाट बघत होतीस, आणि आमचे हे चादरीच्या कारखान्यातून कटपिसं आणून द्यायचे? त्या तुकड्यांची तू पुस्तकं शिवलीस. बटणाच्या डोळ्यांचा मासा, सुतळीच्या शेपटीचं गाढव, होटगीची आगगाडी. सासूबाई कपाळाला हात लावायच्या, “चित्रं दावून कुटं पोरं शिकत्यात व्हय? पाटी दे की त्यांच्या हातात.” आणि सिद्धांत तोवर पुस्तक उघडून बसलेला असायचा.

तुझा नियम मी सोडलेला नाही. आधी हाताला, मग डोळ्याला, मग तोंडाला. मूठभर ज्वारी हातात खेळवायची, मग कणसाचं चित्र दाखवायचं आणि नाव सगळ्यात शेवटी. या नियमापायी माझी जी वरात निघते ती तू बघायला हवी होतीस. गाढवाच्या पानाला अडलो, तर मितूला घेऊन वीटभट्टीपर्यंत चालत गेले. भट्टीवरच्या गुरुलिंगने गाढवाचे कान धरून ठेवले, मितूने त्याचं नाक चाचपलं आणि गाढवाने माझा पदर चावला. भेंडी कापून तिचे रंगात ठसे काढतो, कणकेचे साप करतो, एका तांब्यातून दुसऱ्यात पाणी ओतत निम्मी फरशी धुऊन काढतो. पार्वतम्मा विड्या वळता वळता शेजारच्या दारातून बघते आणि म्हणते, “तू लई हुशार झालीस की गं.” हुशार नाही, पण माझा दिवस बरा जातो.

एक पुस्तक मात्र मी मुद्दाम तळाशी ठेवलं होतं. ‘घरातली माणसं’. त्यात सिद्धांतचं पान आहे. निळा शर्ट, दोन काळी बटणं आणि तोंडाच्या जागी लाल टाका, एका बाजूला थोडा वर गेलेला, कारण तो तसाच हसायचा. मला ते बघवेना. शिवाय आधी हाताला काय देणार होते मी? म्हणून मी ते पान पुढच्या पानाला जोडलं आणि चारी बाजूंनी शिवून टाकलं. वाटलं, एवढ्याशा पोरीला काय कळणार. पण तिला तूच हाताने बघायला शिकवलंस ना! पुस्तक हातात पडताच तिचा अंगठा त्या जाड पानावर थांबला. तिने ते दाबलं, आतली बटणं चाचपली, मग कान लावला आणि मला सांगितलं, “काकू, दादा आत हाय.”

मी म्हटलं, असं काही नसतं गं. तिने ऐकलं नाही. ती पानावर बोट वाजवायची, थांबायची आणि मग फिसकन हसायची. साक्षी, ते हसणं तुला माहीत आहे. सिद्धांत तिच्या कानात काहीतरी पुटपुटायचा आणि ती तशी हसायची, आपण कितीही विचारलं तरी दोघं सांगायची नाहीत. मी स्वयंपाकघरात परात धुवत होते, माझे हात पाण्यातच राहिले. दुसऱ्या दिवशी मी कात्री घेऊन सगळे टाके उसवले. पान मोकळं झाल्यावर हा खेळ संपेल असं मला वाटलं होतं. झालं उलटंच.

आता तो सतरंजीवर बसतो. म्हणजे मितू त्याला बसवते. ज्वारी, तूर, शेंगदाणे निवडायला दिले की त्याचा वाटा वेगळा काढते. मी नाव सांगितलं की ती पान उलटत नाही, हात मांडीवर ठेवून थांबते, कारण पान नेहमी दादा उलटायचा. एकदा दुपारी वीज गेली होती, पंखा बंद होता, आणि पान उलटलं. वारा असेल. दार उघडं होतं आणि आपल्याकडचा उन्हाळ्यातला वारा काय काय उडवत नाही! मी स्वतःला तेच सांगितलं, पण उठून दार लावलं नाही. खरं सांगू? भीती वाटली नाही. आता तिच्याबरोबर मीही थांबते.

पार्वतम्माला हे कळलं तेव्हा तिने लिंबू आणून दिलं, उतरवून टाक म्हणाली. मी ते पदराखाली घेऊन उभी असतानाच भाऊजी ड्यूटीवरून आले. “वहिनी, आपल्यात असलं काय नसतंय,” म्हणाले, लिंबू घेतलं आणि सरळ आमटीत पिळलं. सगळे हसलो. मग ते हात धुवायला बाहेर गेले ते बराच वेळ आत आलेच नाहीत. सासूबाईंनी मला जाऊ दिलं नाही, म्हणाल्या, “रडू दे त्याला.” आमच्या घरात सध्या अशी आमटी शिजते.

जाताना तू मला म्हणाली होतीस, अक्का, मितूकडे बघितलं की मला तोच दिसतो, मी कशी बघू? मलाही तोच दिसतो. हसताना नाक मुरडते, अगदी तो. तुला दोष देत नाही. तापाने त्याला आपल्या सगळ्यांच्या हातांतून नेलं आणि त्यात तुझं काही चुकलं नव्हतं. पण तू जिच्याकडे बघू शकत नाहीस तिच्याकडे दिवसभर मी बघते, आणि मला मूल नाही, हे तुला सांगायला नको.

आता ज्यासाठी कागद घेतला ते लिहिते. परवा त्या पुस्तकात तुझं पान निघालं. हाताला काय द्यायचं म्हणून तुझ्या पिस्ता रंगाच्या साडीचा पदर दिला. मितूने तो नाकाला लावला, बाजूला ठेवला आणि माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवू लागली. कपाळ, नाक, कानातले डूल. मग तिने चित्राकडे बघितलं आणि म्हणाली, “आई.” मी म्हटलं, नाही गं बाळा, मी काकू. तेव्हा ती शेजारच्या रिकाम्या जागेकडे वळली, काहीतरी ऐकलं, मान हलवली आणि मला म्हणाली, “दादा म्हनतोय, हीच आई हाय. ती दुसरी येत न्हाय.” साक्षी, तुझं जिवंत लेकरू आणि तुझं गेलेलं लेकरू, दोघंही मला हाक मारायला लागली आहेत. मी ओ दिली नाही. ओठ दाबून उठले आणि गॅसपाशी जाऊन उभी राहिले. पण मी काही देवमाणूस नाही. लग्न झाल्यापासून याच हाकेसाठी माझा जीव तुटतो आहे. ती पुन्हा हाक मारेल तेव्हा मी ओ देईन, आणि एकदा दिली की तू स्वतः दारात येऊन उभी राहिलीस तरी मी तिला सोडणार नाही. माझं मला माहीत आहे. त्याच्या आत ये.

अजून तरी तुझीच,
तेजश्री अक्का