अक्कांचा मंगळवार

बनशंकरी, बंगलोर
२२ ऑगस्ट १९९७

प्रिय क्षमा,

तुझं पत्र येऊन सोळा दिवस झाले. तू दोनच गोष्टी मागितल्या होत्यास. दसऱ्याला पुस्तक काढायचं आहे तेव्हा सातही कथांची मुद्रितं तपासून पाठव, ही एक. आणि पुस्तकाच्या सुरुवातीला चार पानं लिहून दे, ही दुसरी. नव्यानं लिहू लागलेल्या मुली तुला विचारतात म्हणे की उल्काबाईंना सुचतं कसं, त्या रोज डायरी लिहितात का, लिहितात तर त्यात काय लिहितात. मुद्रितं तपासून झाली आहेत, टेबलावर बांधून ठेवली आहेत. चार पानं मात्र होत नाहीत. पाच वेळा सुरुवात केली आणि पाचही वेळा दुसऱ्या परिच्छेदात खोटं लिहायची पाळी आली. म्हणून त्यांच्याऐवजी हे पत्र लिहिते आहे. एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. अकरा वर्षांनी माझं पुस्तक येतं आहे आणि ते मला फार हवं आहे. पुढचं वाचताना हे विसरू नकोस.

आम्ही इथे आलो ते ब्याण्णव साली. अवधूतला पीण्या नावाच्या औद्योगिक वस्तीतल्या कारखान्यात चांगली जागा मिळाली, तो सकाळी सातला जातो आणि रात्री आठला येतो. मधले तेरा तास माझे. पुण्यात असताना असे तेरा तास मिळावेत म्हणून मी काय काय केलं असतं, ते तुला माहीत आहे. इथे ते रोज मिळत होते आणि मला एक ओळ सुचत नव्हती. भाजीवाल्याशी मोडकं हिंदी, रिक्षावाल्याशी खुणा, अवधूतशी रात्री अर्धा तास मराठी, तेही जेवण आणि बिलांपुरतं. मी सगळे उपाय केले. नवी वही आणली, शाईचं पेन आणलं, खिडकीसमोर टेबल हलवलं, पहाटे उठले, फिरायला गेले, फिरणं सोडलं. वहीत पहिल्या पानावर तारीख आणि खाली एक वाक्य, असं वर्षभरात सात-आठ वेळा झालं. मग वही कपाटात गेली. तुला लिहायचे तेव्हा मी हवेचं कौतुक करायचे. तू एकदाही विचारलं नाहीस की नवीन काही लिहिलंस का. त्याबद्दल मला तुझा राग यायचा आणि बरंही वाटायचं.

राजलक्ष्मी अक्का शेजारच्या घरात राहतात. आज त्या एकाहत्तर वर्षांच्या आहेत. त्यांचे पूर्वज साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आले असं त्या सांगतात, कालपरवाच सामान लावून झाल्यासारख्या. त्यांची मराठी ऐकून पहिल्या दिवशी मला हसू आलं होतं. वाक्य आपलं, मध्ये कन्नड शब्द, आणि शेवटी ‘गे’. कुंपणापलीकडून त्यांनी विचारलं, “ऊट झालं काय गे?” आणि मी जेवले की नाही हे या शहरात पहिल्यांदा कुणीतरी मराठीत विचारलं म्हणून मी तिथेच उभी राहिले. त्यांच्याकडे एक ट्रंक होती, तिच्यात बेचाळीस वह्या. सोळाव्या वर्षी लग्न होऊन आल्या तेव्हा दिवसभर घरात त्यांच्याशी बोलणारं कुणी नव्हतं, तेव्हापासून काही वर्षांचा खंड सोडला तर रोज लिहीत आल्या. शाळा कन्नड, मराठी फक्त घरात ऐकलेली. म्हणून वह्यांमधली भाषा मराठी आणि अक्षरं कन्नड. आपली अक्षरं त्यांना वाचता येत नाहीत आणि मला त्यांची. तेव्हा दुपारी मी जायचे आणि त्या वाचायच्या. रोज विचारायच्या, “आज कुठलं साल काढू?” मी एखादं साल सांगायचे, त्या चष्मा लावायच्या.

त्यात काही नसायचं, क्षमा. सोप्पूची, पाल्याची, भाजी केली. नणंद आली, बोलली नाही. विहिरीचं पाणी गढूळ. हे बँकेतून उशिरा आले, कारण विचारलं नाही. बस, एवढंच. पण दुपारी तीन वाजता ते ऐकताना माझ्या अंगावर काटा यायचा. मी त्यांना सांगितलं की मीही लेखिका आहे आणि मला काही सुचत नाही. त्या म्हणाल्या, आज काय झालं ते लिही. मी म्हटलं, आज काही झालं नाही. “मग काही झालं नाही म्हणून लिही. त्याला काय अडचण?” दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मला शाळेसारखं धरलं. आधी मी वाचायचं, मग त्या. एकदा मी लिहिलं होतं की संध्याकाळचा ढग उदास होता. त्यांनी हात वर केला. “ढगानं येऊन सांगितलं काय गे तुला? तू उदास होतीस म्हण की.” मी खोडलं. हळूहळू माझ्या वहीतून ढग गेले, उपमा गेल्या, उद्गारचिन्हं गेली. नळाला पाणी साडेपाचला आलं. समोरच्या श्यामलाला मुलगी झाली, पेढे वाटताना तिची सासू रडत होती. अवधूतनं डबा परत आणला, उघडलाच नव्हता. हे लिहायला लागले आणि वर्षभरात त्यातून तीन कथा झाल्या. डबा न उघडणाऱ्या नवऱ्याची कथा तू सगळ्यात आधी छापलीस, आठवत असेल. त्या मुलींना सांगण्यासारखं जे काही आहे ते एवढंच आहे आणि इथवर ते खरं आहे.

पुढे मी आणखी एक सवय लावून घेतली. अक्का वाचायच्या ते घरी येऊन मी आठवेल तसं माझ्या वहीत उतरवायचे. सराव म्हणून. गायनाच्या शिकवणीहून आल्यावर चीज घोळवतो ना, तसं. अवतरणचिन्ह घातलं नाही, समासात ‘अक्का’ असं लिहिलं नाही. एका पानावर माझा दिवस, खाली त्यांचा, सगळं एकाच शाईत आणि एकाच अक्षरात. सहा-आठ महिन्यांनी चाळताना ती सगळी वही माझी वाटायची. वाटायची म्हणते, पण मला माहीत होतं. कुठली ओळ कुणाची, हे मी आजही पान न बघता सांगेन.

गेल्या वर्षी जूनमध्ये तुझं पत्र आलं, दिवाळी अंकासाठी काहीतरी मोठं हवं. मी ‘मंगळवार’ लिहिली. एका बाईचा नवरा जातो त्या दिवसाची कथा. तिचं घर, तिची सासू, चाळीस वर्षांचा संसार, हे मी रचलं. चार वेळा लिहिलं आणि शेवट जमेना. मग वही उघडली. तू त्या शेवटाबद्दल मला जे लिहिलंस ते मी तुझ्याच शब्दांत सांगते, कारण ते पत्र मी पुष्कळदा वाचलं आहे. ‘बाकीची कथा चांगली आहे, पण या पाच ओळी कुणाला लिहिता येत नाहीत. तुझं लिहिणं परत आलं.’ त्या पाच ओळी अशा होत्या. सकाळी दूध नासलं. ह्यांनी विचारलं, आज कोण येणार. मी म्हटलं, कुणी नाही. अकराला हे गेले. दुपारी पुष्कळ लोक आले, घरात दूध नव्हतं. १९७४ सालातला मंगळवार, अक्कांच्या चोविसाव्या वहीतला. हे म्हणजे नरसिंहराव, त्यांचे यजमान. मी त्यातला एक शब्दही बदलला नाही. बदलून पाहिला होता, वाईट झालं.

अंक आला तेव्हा मी तो लपवला असता. पण पोस्टमननं तो अक्कांच्याच हातात दिला. त्यांना मुखपृष्ठ कळलं, आत माझा फोटो कळला. त्यांनी अंक देवासमोर ठेवला, कुंकू लावलं आणि गल्लीत सगळ्यांना सांगून आल्या की आमच्या उल्कानं बुकात लिहिलं. मग पाय दुमडून बसल्या आणि म्हणाल्या, “आता वाच. सावकाश वाच, घाई नको.” मी अंक उघडला. ‘मंगळवार’ पान ब्याण्णववर होती. मी पान एकशे चौदा काढलं आणि दुसऱ्याच बाईंची कथा माझी म्हणून वाचून दाखवली. अठरा पानं. मध्ये पाणी प्यायले. फोटो आणि कथा वेगवेगळ्या पानांवर आहेत हे त्यांना दिसलं असतं, पण त्यांनी अंकाकडे बघितलंच नाही, माझ्याकडे बघत होत्या. वाचून झाल्यावर म्हणाल्या, “बरी आहे. स्वल्प लांब आहे. पण तुझी वाटत नाही गे.” मग कॉफी केली.

त्या दिवशी काय झालं ते मी वहीत लिहू शकले नाही. जे झालं तेच लिहायचं अशी सवय झाल्यावर एक दिवस गाळता येत नाही, आणि तो दिवस लिहिता येत नव्हता. दुसऱ्या दिवशी वाटलं, कालचं राहू दे, आजचं लिहू. तेही झालं नाही. तेव्हापासून दहा महिने माझी वही बंद आहे. तुला जे वाटतं आहे की उल्का पुन्हा लिहायला लागली, ती उल्का गेल्या दिवाळीतच थांबली. सातही कथा त्याआधीच्या आहेत. दुपारी मी अक्कांकडे जात राहिले, त्यांच्या वह्या ऐकत राहिले. माझं वाचायची वेळ आली की डोळे दुखतात म्हणायचे. त्यांनी मला डोळ्यांत घालायला कसलासा अर्क आणून दिला. तो मी घालत होते.

गेल्या आठवड्यात, तुझी चार पानं पाचव्यांदा फाडल्यावर, मी अंक घेऊन गेले आणि ‘मंगळवार’ वाचून दाखवली. सुरुवात ऐकताना त्या मटाराच्या शेंगा सोलत होत्या. पाच ओळी आल्या तेव्हा हात थांबले. मी शेवटपर्यंत वाचलं आणि मागच्या वेळी काय केलं तेही सांगितलं. मग त्यांनी विचारलं की ह्यांचं नाव घातलंस काय. मी म्हटलं, नाही, नावं वेगळी आहेत. “मग कोण गेलं म्हणून वाचलं लोकांनी?” मी म्हटलं, पुस्तकात तुमचं नाव घालते, या ओळी तुमच्या आहेत असं स्पष्ट छापते. त्यांनी मान हलवली. “नको. ज्यांना सांगायचं होतं ते त्या दिवशी येऊन गेले.” आवाज चढला नाही. पुन्हा एक शेंग उचलली, सोलली, दाणे भांड्यात टाकले आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “तुला तुझे दिवस नाहीत काय गे?” दुसऱ्या दिवशी मी गेले. त्यांनी नेहमीसारखं जेवणाचं विचारलं, कॉफी दिली. ट्रंक मात्र उघडली नाही. अजून उघडलेली नाही.

तेव्हा ‘मंगळवार’ पुस्तकातून काढ. हे सांगायला हे पत्र लिहिलं. पाच ओळी वगळून चालणार नाही, त्यांच्याशिवाय ती कथा नुसती रचलेली आहे, हे तूही ओळखशील. पुस्तकाला नाव तिचंच आहे, मुखपृष्ठ तयार आहे, आणि एप्रिलमध्ये तूच म्हणाली होतीस की बाकीच्या सहा नुसत्या बऱ्या आहेत. त्या सहांचं पुस्तक होत नसेल तर करू नकोस, मी समजेन. दिवाळी अंकात मात्र या वर्षी एक टीप छाप, की त्या कथेचा शेवट माझा नव्हता. कुणाचा ते लिहू नकोस. मुली विचारतील तर त्यांना तुला वाटेल ते सांग. मागच्या सोमवारी आणि बुधवारी तुझ्याकडे फोन वाजला असेल, तू दोनदा हॅलो म्हणालीस आणि पलीकडून कुणी बोललं नाही. आमच्या घरच्या फोनवरून बाहेरगावी लागत नाही, बूथमध्ये मी होते. हे पत्र मिळालं की आधी छापखान्यात फोन कर, पहिल्या पानांचा फॉर्म यंत्रावर चढला असेल तर उतरवायला सांग. मग मला कर. सकाळी मी घरी एकटीच असते. हवं तेवढं रागावून बोल. या वेळी मी फोन ठेवणार नाही.

तुझीच,
उल्का