घडीची सायकल

बाई, मी सायकल घेतली. बॅटरीवर चालणारी, आणि मधोमध घडी होते अशी. तुम्ही असतात तर आधी रंग विचारला असतात आणि मग लगेच, "बॅटरी संपली तर पायाने चालते ना?" रंग गर्द हिरवा आहे. आणि हो, पायानेही चालते, जरा जड जाते एवढंच. हे सगळं कुणाला तरी नीट सांगावंसं वाटत होतं. घरी सांगून झालं, पण घरच्यांना सायकल म्हणजे सायकल. म्हणून आज कटिंगच्या टेबलावर उरलेला खाकी कागद पुढे ओढला आणि तुम्हाला लिहायला बसले. तुम्हाला जाऊन वीस-बावीस वर्षं झाली. पंतनगरमधली तुमची बिल्डिंगसुद्धा आता नाही. तिथे टॉवर उभा राहिलाय, आणि तळमजल्यावरच्या ज्या खोलीत आपला शिवणक्लास भरायचा तिथे, माझ्या अंदाजाने, आता गाड्या लागतात.

मी अजून तुमचंच काम करते. लग्न होऊन मुलुंडला आले तेव्हापासून ब्लाउज शिवते, आणि तुमच्यासारखीच घरी जाऊन मापं घेते. हल्ली तर त्यालाच मागणी जास्त. बायका मोबाइलवर फोटो पाठवतात, असा गळा हवा, अशी बाही हवी, आणि मी टेप, पिना नि अस्तराचे नमुने पिशवीत टाकून निघते. एक गिऱ्हाईक स्टेशनच्या पलीकडे, दुसरं भांडुपला, तिसरं डोंगराकडच्या टॉवरमध्ये. एवढ्याशा अंतराला रिक्षावाला येत नाही, आणि चालत गेलं तर परत येताना डावा गुडघा बोलायला लागतो. डॉक्टर म्हणाले, "चालणं जरा कमी करा. सायकल येते का तुम्हाला? ती चालेल." मला हसूच आलं. सायकल येते का म्हणे!

मुलीला सांगितलं तर ती म्हणाली, "आई, या वयात सायकल? सरळ स्कूटर घे ना यार." ती आता नोकरीला लागलीय, तिला सगळंच सरळ वाटतं. मी म्हटलं, "लायसन्स?" "काढ." "आणि लावू कुठे?" आमच्या सोसायटीत स्कूटर लावण्यावरून दोन घरं कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. शेवटी तिनेच शोधून दाखवली. वेग बेताचा, म्हणून लायसन्स लागत नाही, आणि घडी करून घरात ठेवता येते. "झकास आहे गं. पण चालवून बघ हं. नुसता फोटो बघून घेऊ नकोस, वाट लागेल."

चालवून बघ म्हटल्यावर मला मैदानाच्या टोकाला खुर्ची टाकून बसलेल्या तुम्ही दिसलात.

सतरा वर्षांची होते मी. वडिलांची गिरणी बंद पडलेली, दहावीनंतर पुढे शिकण्याचं कुणी नावही काढत नव्हतं, आणि आई मला तुमच्या क्लासमध्ये सोडून गेली होती. पहिल्या दिवशी तुम्ही टेबलाकडून कपाटाकडे गेलात तेव्हा कळलं की तुमचा डावा पाय आखूड आहे. लहानपणी पोलिओ झाला होता तुम्हाला. चालताना एक खांदा खाली जायचा, आणि रस्त्यातली माणसं वळून बघायची. मग त्याच संध्याकाळी मी तुम्हाला सायकलवर पाहिलं. कट्ट्याला सायकल टेकवलीत, कट्ट्यावरूनच सीटवर बसलात आणि ताठ मानेनं निघून गेलात. डाव्या पेडलवर तुम्ही लाकडी ठोकळा बसवून घेतला होता, पण जोर सगळा उजव्या पायाचा. मागून बघणाऱ्याला काही म्हणजे काही कळलं नसतं. "सायकलवर मी लंगडत नाही," असं तुम्ही एकदा काज करता करता सहज म्हणालात, आणि दाताने दोरा तोडलात.

ज्या बायकांना क्लासपर्यंत येता येत नसे, कुणी बाळंतीण, कुणी फार म्हातारी, त्यांच्या घरी तुम्ही मापाला जायचात. तुम्ही सायकलवर आणि मी पिशवी घेऊन मागून धावत. थोडे दिवस हे बघितलंत आणि म्हणालात, "असं नाही चालायचं. शीक." तासाच्या भाड्याने माझ्यासाठी सायकल आणलीत. बाकीच्या मुलींना शिकवताना कुणीतरी भाऊ, बाप कॅरिअर धरून मागे पळतो. तुम्हाला पळता येत नव्हतं. तुम्ही खुर्चीवर बसून तिथून ओरडत होतात, "खाली काय सोनं पडलंय? वर बघ! माझ्याकडे बघ!" मी पडते, उठते, पुन्हा पडते. तुम्ही खुर्ची सोडत नाही. "बाई, ढोपर फुटलं!" "सगळ्यांचीच फुटतात. ये इकडे. चालत नाही, सायकलवरून ये." आणि मी येते. वाकडीतिकडी, रडत, पण तुमच्यापर्यंत येते. घरी आई कपाळाला हात लावून म्हणाली, "आता चेडवान सायकल चालवची? लोक काय म्हणतले?" पोरीनं सायकल चालवणं आईला पसंत नाही, हे दुसऱ्या दिवशी मी तुम्हाला सांगितलं. त्या दिवसापासून तुम्ही लांबची मापं मला द्यायला लागलात.

एकदाच काय ते तुम्ही माझ्यावर खरोखर चिडला होतात. टिळकनगरला एका घरी तुम्ही हात धुवायला आत गेलात तेव्हा तिथली बाई मला हळू आवाजात म्हणाली, "बिचाऱ्या. पायाने अधू, तरी किती करतात." मीही मान हलवून म्हटलं, "हो ना." आत तुम्हाला ते ऐकू गेलं होतं. क्लासमध्ये आल्यावर कात्री खाली ठेवलीत आणि विचारलंत, "तिथे 'हो ना' कशाला म्हणालीस?" मी रडवेली झाले. "मग काय म्हणायचं बाई?" "म्हणायचं, ब्लाउज बुधवारी मिळेल."

माझ्या लग्नात सगळ्यांनी साड्या दिल्या. तुम्ही दिलात पंजाबी ड्रेस, निळा, स्वतः शिवलेला, सलवारीची मोहरी मुद्दाम अरुंद ठेवलेली. कानात म्हणालात, "चेनमध्ये अडकणार नाही." सासूबाईंनी तो बरेच दिवस कपाटातून काढू दिला नाही. मग माझ्याकडे गिऱ्हाइकं यायला लागली, घरात दोन पैसे दिसायला लागले, आणि एक दिवस त्यांनीच तो इस्त्री करून पलंगावर ठेवला. त्या कमाईतून मी एक जुनी सायकल घेतली होती, मुलगी झाल्यावर ती गेली, पुढे घेईन, पुढे घेईन करत राहिले आणि इतकी वर्षं गेली.

तर आता दुकानं. पहिलं इथेच, एलबीएस रोडवर. "काकी, ही घ्या, सगळ्यात स्वस्त आणि बॅटरी एवढी मोठी." मी म्हटलं, आधी उचलून बघते. गुडघ्याच्या वर काही ती आली नाही. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि बॅटरी तर सांगाड्याच्या आतच बसवलेली, म्हणजे चार्जिंगला अख्खी सायकल रोज वर न्यायची. "आणि बिघडली तर?" "कंपनीला पाठवायची." "कंपनी कुठाय?" तो मोबाइलमध्ये शोधायला लागला, मी पायरी उतरले. दुसऱ्या दुकानातली कापसासारखी हलकी होती. किंमत ऐकली आणि जपून, दोन्ही हातांनी खाली ठेवली. मुलगी म्हणाली, "हप्त्यावर घेऊ ना." मी नको म्हटलं. कामाची वस्तू कामाच्या ऐपतीतली असावी. नाहीतर चालवताना सगळा जीव तिला ओरखडा पडेल का याच्यातच अडकतो.

तिसरं दुकान घाटकोपरला निघालं, तुमच्या पंतनगरच्या अलीकडच्याच रस्त्यावर. दुकानदार शांत होता. म्हणाला, "ताई, मी काही सांगत नाही, तुम्हीच बघा." मी ती उघडून बघितली, मिटून बघितली. पहिल्या वेळी बोट चिमटलं. मग सवयीने उलटी करून बघितली, ब्लाउज आतून बघतो तशी. जिथे घडी पडते तो सांधा दोन्ही हातांनी हलवला. घट्ट होता. बॅटरी काढून पिशवीत टाकता येत होती, म्हणजे सायकल खाली कुलूप लावून ठेवली तरी चालेल. गिअर नाहीत, स्प्रिंगा नाहीत, खड्ड्यात बसला तर धक्का थेट कमरेला. एका दमात जिना चढेल एवढी ती हलकीही नव्हती, पण मधल्या वळणावर टेकवून मला नेता आली असती. "दुरुस्ती?" "इथेच. मीच करतो." दुकानदाराने सायकल गल्लीत आणून उभी केली. "जा, एक चक्कर मारून या."

मी बसले. पहिला पाय मारला आणि सायकल मी मारल्यापेक्षा जास्त पुढे गेली. कुणी मागून हळूच हात लावून ढकलावं तशी. मी खरोखर मागे वळून पाहिलं, बाई. मागे कुणीच नव्हतं. माझी सायकल कधी कुणी मागून धरली नव्हती, तो आधार कसा असतो हे मला चोपन्नाव्या वर्षी कळलं. गल्लीच्या टोकापर्यंत मी हसत गेले. वळताना मात्र तुमची शेवटची वर्षं आठवली आणि हसू गेलं.

पन्नाशीनंतर तुमचा उजवा पाय दमायला लागला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं की दोघांचं काम एकट्याने केलंय त्याने, आता त्याला विश्रांती द्या. चढावर तुम्ही उतरायला लागलात. मग पुलापलीकडची मापं सोडलीत. मग एके दिवशी मी मुलुंडहून भेटायला आले तर सायकल खिडकीखाली धूळ खात उभी आणि तुम्ही खिडकीत. तुम्हीच म्हणालात, "चाकात हवा भर. मी मागे बसते." मागे! तुम्ही जन्मात कधी कुणाच्या मागे बसला नव्हतात. तुमच्या त्याच कट्ट्यावरून तुम्ही कॅरिअरवर बसलात आणि मी निघाले. माझी त्रेधा उडालेली, आणि मागून तुमचं चालूच, "डावीकडे घे, खड्डा आहे. घंटी वाज. अगं, वाजव की!" तुमची एक जुनी गिऱ्हाईक बाल्कनीतून ओरडली, "बाई, किती दिवसांनी!" तुम्ही वर बघून हात केलात. "हो, ड्रायव्हर ठेवलाय!" गारोडियानगरपर्यंत गेलो, उसाचा रस प्यायलो, परत आलो. येताना माझी कंबर घट्ट धरून बसला होतात. पुन्हा एकदा जाऊ म्हणत होतो, ते राहिलं. वर्षभरात तुम्ही गेलात.

गल्लीतून परत आले तेव्हा माझे डोळे बघून दुकानदार घाबरला. "काय झालं ताई? ब्रेक लागला नाही का?" मी म्हटलं, "ब्रेक चांगले आहेत." त्याला काय सांगणार होते? एवढीशी मोटर, आणि एवढाच मागून धक्का. तुमच्या पायाला बस इतकाच हवा होता. तुम्ही आणखी काही वर्षं तरी टिळकनगरला जाऊन आला असतात, ताठ. जी गोष्ट तेव्हा नव्हतीच तिच्याबद्दल कुणावर रागवावं? पण त्या दुकानात मला राग आला होता, खरंच. मग मी पैसे दिले आणि घेऊन आले.

आता महिना होत आला. पहिल्याच आठवड्यात डोंगराकडच्या टॉवरचा वॉचमन आडवा आला. "मॅडम, सायकल लिफ्टमध्ये अलाउड नाही." मी त्याच्यासमोर तिची घडी केली, तिच्यासाठी शिवलेली खोळ चढवली आणि म्हटलं, "ही बॅग आहे." तो बघत राहिला, मग हसला. हल्ली लिफ्टचं दार धरून उभा राहतो. गुडघा बरा आहे. बोट आता चिमटत नाही. हा कागद मी घडी करून मशीनच्या खणात ठेवणार आहे. दुसरीकडे कुठे ठेवणार?

एक मात्र कुणाला सांगितलेलं नाही. रविवारी सकाळी मी मुलीला म्हणते, "एक माप आहे, जाऊन येते." माप कुणाचंच नसतं. मी स्टेशन ओलांडून मुलुंड पूर्वेला, हायवेपलीकडे मिठागरांच्या बाजूला जाते. तिथे रस्ता मोकळा असतो, खारा वारा येतो. थोडा वेळ मोटर लावून, थोडा वेळ बंद करून, नुसती फिरते. टपरीवर चहा पिते आणि परत येते. परवा मुलीने विचारलंच, "कोण गं ही, दर रविवारी माप द्यायला बोलावते?" मी चपला काढत म्हटलं, "आहे एक. तिचं माप अजून नक्की होत नाहीये." खोटं बोलले, बाई. पुढच्या रविवारीही बोलणार आहे.